बीडची दुपारी एकची गाडी

पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी बीड सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "तिकडं रेल्वे आहे का?" मग "जिल्ह्यात आहे, परळीला" असं सांगून आम्ही अब्रू राखायचो. परळीला निजामाच्या काळापासून गाडी येते. पण बीडहून परळी गाठायची म्हणजे आधी नव्वदेक किलोमीटर एसटीत धक्के खायचे!

अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज ३५३ कोटींचा होता, तो पुढे ४,८०० कोटींच्या वर गेला. खर्च केंद्र आणि राज्यानं निम्मा-निम्मा उचलायचा, असं ठरलं. दर निवडणुकीत ही रेल्वे भाषणात धावायची. रूळ मात्र नगरकडून हळूहळू सरकत राहिले: आधी नारायणडोह, मग सोलापूरवाडी, २०२२ मध्ये आष्टी. आमच्या आबांनी रेल्वेसाठी निघालेल्या मोर्चांत चपला झिजवल्या. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून पहिली डेमू, म्हणजे डिझेलवर चालणारी लोकल, सुटली तेव्हा आबा फेटा बांधून स्टेशनवर हजर होते. त्या गर्दीत त्यांना डबासुद्धा धड दिसला नाही. तरी घरी आल्यावर म्हणाले, "आली बाबा एकदाची."

मी दिवाळीनंतर तिनं गेले. बालाघाटाचे उतार, उंच पूल, खाली ज्वारीची रानं. खिडकी सोडवत नव्हती. विघनवाडीच्या पुलावर तर अख्खा डबा एका बाजूला गोळा झाला. तिकीट एसटीच्या मानानं नगण्य.

पण वेळापत्रक बघा. सुरू झाली तेव्हा गाडी नगरहून सकाळी सातच्या आत निघायची आणि साडेबाराला बीडला यायची. एक वाजता उलटी फिरून संध्याकाळी साडेसहाला नगर. रविवारी सुट्टी. साडेपाच तास! एसटी साधारण तीन तासांत पोचवते. वेळ एकवेळ सोसेल, पण दिशेचं काय? वाटेतल्या आष्टी-कड्याची माणसं दवाखाना, कॉलेज, बाजार सगळ्याला नगरला जातात, आणि ती जातात सकाळी. त्यांच्या उपयोगाची गाडी सकाळी बीडहून सुटायला हवी. या वेळेच्या गाडीनं पेशंट नगरला पोचायचा तेव्हा ओपीडी कधीच बंद झालेली असायची. माझ्या डब्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "गाडी झ्याक हाय, पण उतरल्यावर मुक्काम कुठं करावा?" पुण्याला जाणाऱ्यांची तीच गत. नगरला उतरून दौंडमार्गे जाणारी गाडी शोधा, नाहीतर पुन्हा एसटी स्टँड.

म्हणून आम्हा पुण्यात राहणाऱ्या बीडकरांची पहिली मागणी वंदे भारत वगैरे नाही. पहाटे बीडहून निघून दौंडमार्गे पुण्याला जाणारी आणि रात्री परतणारी एक साधी गाडी द्या. दौंडला आता कॉर्ड लाइन, म्हणजे दोन मार्गांना थेट जोडणारा रूळ, आहे, इंजिन फिरवत बसावं लागत नाही.

खरा फरक पडेल तो रूळ परळीला भिडतील तेव्हा. तिथून एक फाटा परभणीला जातो, दुसरा लातूर रोड, विकाराबादमार्गे हैदराबादला. मग बीड हे शेवटचं स्टेशन उरणार नाही, लांब पल्ल्याच्या गाड्या मधून जातील. परळीच्या बाजूचं काम चालू आहे. आबा अधूनमधून मोटारसायकलवर ते बघायला जातात आणि भरावाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, प्रत्येक फोटोखाली तारीख घालून.