ताई, आज आकडा कमी व्हयना का?

मे महिन्यातली दुपार होती. जळगावात पारा ४५ च्या पुढे गेला की आमच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत उष्माघाताचीच रांग लागते. मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पेशंट मला क्वचित दिसतो, दिसतात त्या नळ्या. त्या दिवशी अमळनेरकडच्या एका पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याची राखाडी टोपणाची नळी आली. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं : ताप, बरळणं, उष्माघात? लॅक्टेट.

लॅक्टेट म्हणजे पेशींना रक्तपुरवठा कमी पडला, शरीर संकटात असलं की रक्तात वाढणारा पदार्थ. मशीनने दाखवलं ६.१. नॉर्मल २ च्या आत.

माझी पहिली शंका पेशंटवर नव्हती, नळीवर होती. रक्त काढल्यावरही तांबड्या पेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट बनवत राहतात. नळीतलं फ्लोराइड ते थांबवतं, पण त्यालाही वेळ लागतो. म्हणून नळी बर्फात ठेवून लगेच लॅबला आणायची असते. ही मात्र पन्नास मिनिटं खिडकीजवळच्या ट्रेमध्ये पडून होती. शिवाय दंडाला पट्टा बराच वेळ आवळलेला होता, असं वॉर्डबॉय म्हणाला. त्यानेही आकडा फुगतो. खोटा आकडा कळवायचा की खरा दडपायचा, या विचारात दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं मला अजून टोचतात.

शेवटी फोन केला. "सर, ६.१ आलाय. नमुन्याची खात्री नाही, दुसरा पाठवा. पण तोवर खरा धरूनच चाला."

डॉक्टर म्हणाले, "प्रेशर तर १०४ आहे." पलीकडून बायकोचा आवाज आला, "त्यास्ले ऊन लागनं साहेब, दुसरं काही नही. बीपीनी गोळी रोज लेतस." डॉक्टर थबकले. ज्याचं प्रेशर एरवी दीडशे असतं, त्याचं १०४ म्हणजे पडलेलंच.

दुसरी नळी मी स्वतः बर्फ घेऊन आणली, पट्टा न बांधता घेतलेली. ५.४. आकडा खरा होता.

पण उष्माघातातही लॅक्टेट चढतं. प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन, तेसुद्धा चढू शकतं. निदान आकड्याने केलं नाही, सिस्टरने केलं. आकड्यामुळे सगळे पुन्हा पेशंटकडे वळले आणि तिने त्याच्या पायाचं फडकं सोडलं. हळद भरलेली जखम होती. आठवड्यापूर्वी रान मोकळं करताना पऱ्हाटीचा खुंट तळव्यात घुसला होता. मधुमेहामुळे दुखणं फारसं जाणवलंच नाही. पाऊल काळंनिळं, सूज पार नडगीपर्यंत.

मग सगळी धावपळ सुरू झाली. आधी कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या, बाटल्या भरल्या, लगेच अँटिबायोटिक, सलाईन. पाचच्या सुमारास प्रेशर ७८ वर आलं, ते चढवायला नॉरअ‍ॅड्रेनलिन लावावं लागलं. सर्जननी रात्रीच पाय उघडून पू आणि मेलेलं मांस काढलं, दोन बोटंही गेली. प्रोकॅल्सिटोनिन ४१ होतं (०.५ च्या खाली असलं की आम्ही निवांत असतो), प्लेटलेट ७८ हजार, किडनीचं क्रिएटिनिन २.९. म्हणजे जंतूंचा मार किडनी आणि रक्तापर्यंत पोचला होता, यालाच सेप्सिस म्हणतात.

रात्रभर मी लॅक्टेट लावत होते. ४.७, मग ३.१, पहाटे १.९. एकटा आकडा एवढंच सांगतो की माणूस संकटात आहे. उपचार लागू पडतोय का, हे उतरता क्रम सांगतो. ५.४ वरच अडकून राहणाऱ्यांचे रिपोर्ट मी अनेकदा छापले आहेत. त्यांच्या घरच्यांना पुढे काय ऐकावं लागतं, तेही मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मुलगा रिपोर्ट घेऊन लॅबच्या खिडकीशी आला, चेहरा उतरलेला. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी तपासणी, १९० वरून २६५ झालेलं. त्याला वाटलं, वडील हातचे चालले. मी त्याला बसवून सांगितलं की सीआरपी सावकाश चढतं, सावकाश उतरतं. आज दिसतंय ते कालचं आहे. लॅक्टेट तासातासाला बोलतं. प्रोकॅल्सिटोनिन त्या दिवशी ४६ होतं, ऑपरेशननंतर थोडं वाढतंच. त्याची आई मागे उभी होती. तिला एवढंच कळलं की खिडकीतल्या बाईकडे आकडा असतो.

त्यानंतर आकडा उतरला का हे विचारायला ती रोज यायची. "ताई, आज आकडा कमी व्हयना का?"

प्रोकॅल्सिटोनिन तिसऱ्या दिवशी २४. चौथ्या दिवशी ११. कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस वाढला होता, औषध त्यावर नेमकं बसलं होतं. सातव्या दिवशी १.८ आला तेव्हा मी तिची वाट न बघता वॉर्डात गेले. तो उठून बसला होता, कळण्याची भाकरी दुधात कुस्करून ती त्याला भरवत होती. नळीवरचं नाव मी सात दिवस वाचत होते, माणूस पहिल्यांदा धड पाहिला. त्याने विचारलं, "ह्या कोन?"

"आकडावाल्या ताई," ती म्हणाली.