टँक न उतरवता फ्लशची गळती काढता येते

कुणीही फ्लश केलेला नसताना मध्येच टँक भरल्याचा आवाज यायचा. थोडं पाणी यायचं आणि बंद व्हायचं. घरातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं, बॉल कॉक, म्हणजे टँक भरला की पाणी बंद करणारा नळ, गेला. मला ते पटत नव्हतं. बॉल कॉक खराब असता तर पाणी थांबलंच नसतं, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचं पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या, नळीतून वाहत राहिलं असतं. इथे तो व्यवस्थित बंद होत होता. म्हणजे पाणी खालून, बटण दाबल्यावर कमोडमध्ये पाणी सोडणाऱ्या फ्लश व्हॉल्व्हमधून झिरपत होतं, आणि पातळी उतरली की बॉल कॉक बिचारा पुन्हा भरत होता.

खात्री करायला टँकमध्ये खायच्या रंगाचे थेंब टाकले आणि अर्धा तास कुणाला फ्लश करू दिला नाही. कमोडमध्ये लाल रंग उतरला. अशी झिरप डोळ्यांना दिसतही नाही, पण सेकंदाला एक मिलिलीटर धरलं तरी दिवसाला 86 लिटर पाणी होतं. हे समजल्यावर गप्प बसणं मला शक्य नव्हतं.

अडचण होती ती जागेची. टँकच्या एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला पाइपांची चौकट, वर फळी. प्लंबरने पाहताक्षणी सांगितलं, टँक उतरवावा लागेल. मी हट्टाने नाही म्हणाले. टँक उतरवायचा म्हणजे खालचे गंजलेले बोल्ट सोडवायचे, मधलं स्पंजचं वॉशर नवीन घालायचं, आणि अडचणीच्या जागेत बोल्ट एकाच बाजूने जास्त आवळला गेला तर सिरॅमिकला तडा जायचा. गळती आतल्या फ्लश व्हॉल्व्हच्या वॉशरची असताना एवढा खटाटोप कशाला?

आधी अँगल कॉक, म्हणजे टँकला येणारं पाणी बंद करायचा नळ, बंद केला. तो भिंत आणि टँक यांच्या मध्ये, डोळ्यांना दिसतच नाही. मोबाइलने फोटो काढून हात कुठे घालायचा ते ठरवलं. मग फ्लश करून टँक रिकामा केला. दोन बटणांच्या टँकमध्ये बटणाची कडी फिरवून काढली की झाकण सुटतं. आतला व्हॉल्व्ह घट्ट धरून डावीकडे पाव फेरा दिला की तो बुडापासून वेगळा होतो. वर फळी असल्यामुळे माझा व्हॉल्व्ह सरळ निघेना. ओव्हरफ्लोची नळी खाली सरकवून त्याची उंची कमी केली आणि तिरका करून बाहेर काढला.

वॉशर हातात आलं तेव्हा सगळा उलगडा झाला. वरून ते ठीकठाक वाटत होतं. बोट फिरवलं तर काठाला एका जागी वळी पडलेली, तिथला भाग कडक, आणि बोटाला काळपट रंग लागलेला. टँकमध्ये सोडायच्या क्लोरीनच्या वड्या रबराची हीच गत करतात. त्या कृपा करून वापरू नका, कमोड आतून ब्रशने घासावा.

नवीन वॉशर आणताना जुनं सोबत न्यावं आणि बाहेरचा व्यास, आतलं भोक, जाडी अशी तिन्ही मापं जुळवावीत. ते मिळेपर्यंत जुनंच धुऊन, उलटं करून बसवलं तरी काही दिवस निभावतं.

वॉशर बदलून लगेच व्हॉल्व्ह बसवायची घाई मात्र करू नये. वॉशर ज्या कड्यावर टेकतं, तिथेही बोट फिरवावं. माझ्याकडे तिथे क्षाराचे खरखरीत कण होते. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर त्यावर ठेवलं, मग मऊ कापडाने पुसलं. ब्लेड किंवा स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, प्लॅस्टिकवर ओरखडा पडला की नवं वॉशरही गळतं.

व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवून खट् आवाज येईपर्यंत बसवला, नळी परत वर सरकवली, पाण्याची पातळी तिच्या तोंडाच्या इंचभर खाली राहील असा फ्लोट लावला. पुन्हा रंग टाकला, अर्धा तास थांबले. कमोडमधलं पाणी स्वच्छ होतं.

रंग कमोडमध्ये न उतरता टँकखाली, फरशीवर थेंब दिसले तर मात्र बुडाचं मोठं नट किंवा बोल्टाची वॉशरं तपासावी लागतात, आणि तेव्हा टँक उतरवण्याला पर्याय नाही.