चक्का, चॉकलेट आणि कालचा पेपर

लातूर. मे महिन्यातला पहिला सोमवार, रात्री साडेअकरा.

हात दोनदा साबणाने धुतले तरी नखांच्या कडेला काळं राहिलंच आहे. तसेच घेऊन लिहायला बसले.

काल लेकीचा नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, पेपर झाला. दोन ते पाच, १८० प्रश्न, ७२० मार्क. केंद्राबाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "आई, पेपरचं विचारू नको." नाही विचारलं. लातुरात हे न विचारणं किती जड जातं ते इथल्या आयांनाच ठाऊक. इथे दूधवालासुद्धा "किती येतील मग?" म्हणतो.

दोन वर्षं या पोरीची एकच चैन होती. जेवताना दहा मिनिटं मोबाइल, आणि त्यात चॉकलेटात बुडवलेले चीजकेकचे इवलेसे चौकोन. पेपर झाला की करून देते, असं मी म्हणून बसले होते. चीजकेक मी जन्मात एकदा खाल्लाय, पुण्यात भाचीच्या लग्नाच्या खरेदीला गेलो तेव्हा, तोही अर्धा.

क्रीम चीजच्या एवढ्याशा डब्याची किंमत ऐकली आणि सरळ चक्क्यावर आले. चक्का तरी आपल्या हातातला. दोन लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावलं, पण खुंटीला टांगलं नाही. या उन्हात रात्रीतून आंबून फसफसलं असतं. चाळणीत फडकं, खाली पातेलं, सगळं फ्रिजमध्ये. पाऊण किलोला जरा कमी भरला. त्यात कंडेन्स्ड मिल्क, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, व्हॅनिला. खाली मारी बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून दाबला. ओव्हनमध्ये १५० अंशांवर, खालच्या कप्प्यात पाण्याचा ट्रे ठेवून, पाऊण तास. झाला की नाही कसं ओळखायचं, तर कडा धरलेल्या आणि मध्यभाग हलवला की थरथरायला हवा. हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. म्हणजे खरवसच की! आत्याबाईंनी दारातूनच बघून सांगितलं, "काढ आता, नाहीतर दगड होईल." बरोबर होतं त्यांचं. थंड करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला.

चॉकलेटचं मात्र काहीच हातातलं नव्हतं. गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात, पण चॉकलेटची लादी विकणारं दुकान पहिल्या फेरीत एकाही रस्त्याला दिसलं नाही. सापडलं तेव्हा दुकानदाराने विचारलं, "कंपाऊंड देऊ का खरं?" मी तोऱ्यात खरं म्हणणार होते. त्यानेच समजावलं. खरं चॉकलेट वितळवून २७-२८ अंशांपर्यंत निववायचं, परत ३१-३२ वर आणायचं, तेव्हा ते चकचकीत आणि कडक जमतं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतंच. माझ्या स्वयंपाकघरात मे महिन्यात पहाटेसुद्धा २७ अंश नसतात. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल, त्याला हे लाड लागत नाहीत. मुकाट्याने कंपाऊंडच्या दोन लाद्या घेतल्या.

पहिली लादी मी मारली. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगा ठेवला होता, आणि बघायला म्हणून झाकण घातलं. उचललं तर झाकणाची वाफ थेंब होऊन आत. दोन-तीन थेंब असतील. बघता बघता चकचकीत चॉकलेटचा खरबरीत गोळा झाला, पाक बिघडून साखर परतावी तसा. मला वाटलं पाणी पडलं की पातळ होईल, झालं उलटंच. त्यातली साखर आणि कोकोची पूड त्या थेंबाला चिकटून गोळा धरते. गरम दूध घालून फेटलं तेव्हा तो गोळा पिण्यापुरता सुधारला. आत्याबाईंनी दोन कप घेतले, तक्रार नाही.

भांड्यांचा ढीग बघून मात्र पोटात गोळा आला. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा लेक दुसरी-तिसरीत होती. तेव्हापासून मी भांडी मनात मोजत मोजतच स्वयंपाक करते. आज चौदापर्यंत मोजून सोडून दिलं.

दुसऱ्या लादीला झाकण नाही आणि कूलरही बंद. कूलरची ओली हवा लागली की गोठलेल्या चौकोनांना दरदरून घाम फुटायचा, आणि त्यावर चॉकलेट धरत नाही. स्वयंपाकघराची भट्टी झाली. लेक कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. "काय करायलीस गं? दे इकडं." काट्यावर चौकोन, वाडग्यात एक डुबकी, काटा कडेवर दोनदा आपटायचा, खालचा ओघळ पुसायचा, बटर पेपरवर उतरवायचा. इतक्या थंड चौकोनावर चॉकलेट डोळ्यांदेखत आळतं, चमक जाऊन मऊ काळपट होतं. पहिले सहा तडकले. एकदम दगडासारखे बुडवले की वरचं चॉकलेट झटकन आवळतं, मग आतला तुकडा जरा सैल होऊन फुगला की टचकन भेग. दोन मिनिटं बाहेर ठेवून बुडवले तर बरे निघाले, पाच ठेवले तर काट्यावरून घसरून वाडग्यात बुडाले.

पंचवीस केले, पंधरा दाखवण्यासारखे. चव? चक्क्याचा आंबटपणा जरा पुढे येतो, आमच्या श्रीखंडाच्या जिभेला वेलची हुकल्यासारखं वाटतं. लेकीने तडकलेले आधी संपवले.

आठव्या की नवव्या चौकोनाला, वाडग्यातून नजर न उचलता, म्हणाली, "बायो चांगला गेला."

मी ओघळ पुसत राहिले.

"फिजिक्सचे अकरा सोडले. चुकला की एक मार्क जातो, म्हणून."

"बरं केलंस."

"चार तरी मारायला पाहिजे होते का गं?"

मला फिजिक्समधलं काय कळतंय. मी पुढचा चौकोन उचलला, तो काट्यावरून कलला.

"आई, तिरपा धर. पडायला बघ तो."