पातळ द्या, हे मीच म्हटलं होतं

आजीने फडताळातून बाळाच्या तयार खाण्याचा डबा काढला. चहाच्या चमच्याने एक चमचा पावडर घेतली, चमच्याच्या काठावरून बोट फिरवून वरचा ढीग परत डब्यात पाडला आणि राहिलेला सपाट चमचा गिलासभर कोमट पाण्यात सोडला. ढवळलं. पाणी नुसतं गढूळ झालं, गिलासाचा तळ दिसत होता. मग नातीला मांडीवर आडवं घेऊन घोट घोट पाजायला लागली.

"कवा आनला होता हा डबा, आजी?"

"दिवाळीच्या आंधी. अजून आर्दा हाय."

हे ती कौतुकाने सांगत होती. दिवाळी होऊन महिना उलटला होता. डब्यावरच्या मापाने खाऊ घातलं असतं तर तो आठ-दहा दिवसांत संपला असता. मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, "लय पावरचा हाय म्हने, थोडकाच पुरते."

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी अठरा वर्षं अंगणवाडी सेविका आहे. आमचं काम म्हणजे पोरांना गाणी शिकवणं आणि खिचडी वाटणं, असं बाहेरच्यांना वाटतं. खिचडी मदतनीस शिजवते. माझा निम्मा दिवस मोबाईलमध्ये जातो. अॅपमध्ये वजन भरा, उंची भरा, फोटो टाका, आणि टॉवर नसला की शाळेमागच्या चिंचेखाली जाऊन हात वर करून उभ्या राहा. वरून विचारणा होते ती "एंट्री झाली का?" अशी. पोरीनं काय खाल्लं हे कोणी विचारत नाही.

आदल्या दिवशी वजनाचा दिवस होता. या पोरीला घरात बबी म्हणतात, नऊ महिने पूर्ण झालेली. झोळीत घातली तर काटा ६.२ किलोवर थांबला. मला काट्याचाच संशय आला. किराणा दुकानातून दोन किलोचं माप मागवून टांगलं. काट्याने बरोबर दोन दाखवलं. दंडाला घेर मोजायची पट्टी लावली, ११.९ सेंटीमीटर, म्हणजे पिवळ्यात, मध्यम कुपोषण. साडेअकराच्या खाली लाल लागतो, म्हणजे मधे चार मिलिमीटर. सिस्टरला फोन केला, तिने उपकेंद्रात तपासलं. पायाला सूज नाही, ताप नाही, खोकला नाही. सिस्टर म्हणाली, "खायलाच मिळत नाहीये हिला." म्हणून दुसऱ्या दिवशी, कोणाच्या घरी जायची वेळ नसते अशा अकरा वाजता, मी त्यांच्या ओट्यावर बसले होते.

आई कापूस वेचायला गेली होती. वेचणीची मजुरी किलोवर असते. दुपारी दूध पाजायला घरी आली तर तेवढे किलो गेले, आणि मुकादम दुसऱ्या दिवशी बोलावेलच असं नाही. त्यामुळे सकाळी सहाला पाजलं की पुन्हा दिवेलागणीला. मधले बारा तास बबी आणि आजी.

त्या बारा तासांत बबीच्या पोटात काय जात होतं ते मी आजीकडून एकेक काढून घेतलं. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट. मग हा गिलास. दुपारी वरणाचं पाणी, म्हणजे भांड्यात डाळ खाली बसली की वरचं निवळ. चारला परत गिलास. आणि रडली तर दहा रुपयांच्या पुड्यातले कुरकुरीत तुकडे, जे तोंडात विरतात म्हणून "पचायला हलके". आईच्या शंभर मिली दुधात ६५-७० कॅलरी असतात. वरणाचं निवळ त्याच्या जवळपासही जात नाही. सहा किलोच्या लेकराचं पोट केवढं? किलोमागे ३० मिली धरलं तर जेमतेम १८६, एक लहान वाटी. ती पाण्याने भरली की पोरगी गप्प होते. आजीला वाटतं पोट भरलं, आणि ते खरंही असतं.

"आजी, डाळ काहून नाई देत?"

"गळ्यात अडकन न बाई. आन् तुमीच त म्हनलं होतं, पातळ द्या म्हनून."

म्हटलं होतं. सप्टेंबरात, पोषण महिन्यात, आम्ही अंगणवाडीत उष्टावण केलं होतं. रांगोळी, औक्षण, पाच बायका, फोटो. बबी तेव्हा सहा महिने पूर्ण झालेली, वजन ६.४, वाढीच्या कार्डावर हिरव्या पट्ट्यात. मी माईकवर सांगितलं होतं, सुरुवातीला मऊ, पातळ, दोन-तीन चमचे द्या. आठवड्याभरात घट्ट करत न्या, चमचा उलटा केला तर पदार्थ टपकन पडू नये इतकं, हेही बोलले असेन. बोलले असेन म्हणते, कारण फोटो काढणाऱ्याने मधेच "मॅडम, इकडे बघा" म्हटलेलं मला आठवतं, पुढचं वाक्य आठवत नाही. आजीपर्यंत "पातळ" एवढंच पोचलं. पहिला डबा उष्टावणाला मामाने आणला. दुसरा दिवाळीआधी आजीने स्वतः, तालुक्याच्या दुकानातून, वेचणीच्या पैशातून. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा खाण्याची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने आणि २००३च्या दुरुस्तीने बंदी आहे. पण दुकानदाराने काउंटरवरून "यानं बाळ धष्टपुष्ट होते" म्हणायला जाहिरात लागत नाही.

मी घरात नजर फिरवली. कोठीत ज्वारी. पिंपात तुरीची आणि मुगाची डाळ. टोपल्यात भुईमुगाच्या शेंगा. परसात शेवगा. आणि खुराड्यात चार कोंबड्या. अंड्यांचं काय करता विचारलं, तर ती दुकानात देते. दोन गावरान अंडी दिली की बिस्किटाचे दोन पुडे येतात.

मी हसले नाही, पण आजीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अंडं गरम पडते."

चूल पेटवायला लावली. हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या खात्यात यावर कोणी टाळी वाजवत नाही आणि मला याचा अभिमान आहे. दोन मुठी ज्वारीच्या पिठाला एक मूठ मुगाची डाळ, आधी भाजून जात्यावर भरडलेली. सोललेल्या शेंगदाण्यांचं बारीक कूट, तेही दाणा न दाणा पाहून, काळपट किंवा बुरशी धरलेला दिसला की बाहेर. अख्खा दाणा लेकराच्या तोंडात कधीच नाही. शिजताना शेवग्याची मूठभर पानं हाताने चुरडून. शेवटी एक चमचा तेल. एवढ्या एका चमच्यात चाळीसेक कॅलरी येतात आणि वाटी एका घासानेही वाढत नाही. बबीपुरतं विकत आणलं असतं तर एका वाटीला चार-साडेचार रुपये, आणि यांच्या घरात तर निम्मं शेतातलंच.

शिजून ते घट्ट गोळा झालं, पिठल्यासारखं. आजी म्हणाली, "पाहा, अडकन न." ती चुकत नव्हती. स्टार्च फुगतो आणि आईबाप पाणी ओततात, तिथेच सगळं बिघडतं. मी पिशवीतून बरणी काढली. मोड आलेल्या गव्हाचं पीठ. गहू रात्रभर भिजवायचे, ओल्या फडक्यात दीड दिवस बांधायचे, मोड आले की उन्हात खडखडीत वाळवायचे, मोड चोळून झटकायचे, तवा हाताला सोसेल इतपतच कोमट करून हलकं परतायचं आणि दळायचं. मोड येताना गव्हात स्टार्च फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतं. पहिल्या वर्षी मी खमंग वास यावा म्हणून ते तांबूस होईपर्यंत भाजलं होतं आणि सुपरवायझर मॅडमसमोर प्रात्यक्षिक केलं. वाटीतला गोळा हलला नाही. मॅडम वहीत काहीतरी लिहून चहाला उठल्या. आच लागून विकर मेलं होतं, हे मला पुढे सहा महिन्यांनी कळलं.

आता भांडं चुलीवरून उतरवलं, उकळी पूर्ण बसू दिली, एक चमचा पीठ टाकलं आणि ढवळलं. दोन मिनिटांत गोळा सैल झाला, मग चमच्यावरून ओघळायला लागला. पाण्याचा थेंब नाही. परत चुलीवर एक चटका देऊन उतरवलं. आजीने चमचा माझ्या हातून घेतला, उचलला, धार पाहिली, परत उचलला.

"पानी नाई टाकलं?"

"तुमच्यासमोरच होतं न, आजी."

बबीने पहिला चमचा थुंकला. दुसरा थुंकला. मी घाबरले नाही, नवी चव आहे, आठ-दहा वेळा द्यावी लागते. पण आजी लगेच गिलासाकडे हात नेऊ लागली. तो मी सरकवून ठेवला. पाचवा चमचा गिळला. अर्धी वाटी जायला पस्तीस मिनिटं लागली, मी घड्याळ पाहिलं.

ही पस्तीस मिनिटं मला अजून सुटत नाहीत. "घरातलं, स्वस्तातलं द्या" असं आम्ही भिंतीवर रंगवतो. या वयाला दिवसातून तीन-चार वेळा आणि मधे थोडं काहीतरी, म्हणजे दोन तास कोणीतरी मांडीवर घेऊन बसायचं. आजीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दोन बकऱ्या, पाणी हापशीवरून. गिलास दोन मिनिटांत रिकामा होतो. तो डबा पैशाने महाग होता, वेळेने स्वस्त होता. आम्ही घरी नेण्याचा आहार म्हणून पाकिटं देतो, त्यातली कितीतरी बकऱ्या खातात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. चवीची तक्रार मी तीनदा वर कळवली, आता कळवत नाही.

वाट आजीनेच काढली. "हे रोज चुलीवर नाई जमन. सातू करून ठेवते." उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी असतो तोच, गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळलेला. उकळलेल्या पाण्यात घट्ट कालवला, गुळाचा खडा आणि तेल घातलं की झालं. मला अठरा वर्षांत सुचलं नव्हतं. रोज एक अंडं दुकानात न देता उकडून कुस्करायचं हे तिने लगेच मान्य केलं नाही. एक दिवसाआड, यावर तडजोड झाली. बिस्कीट राहिलं तर राहू दे, पण चहा बंद, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आशाताईने दिलेली लोहाच्या औषधाची बाटली फडताळात सीलबंद होती. "काळी शी होते म्हनून नाई देल्लं." आठवड्यातून दोनदा, एक एक मिली, मी भिंतीवर कोळशाने दोन खुणा करून दिल्या.

पुढच्या महिन्यात काटा ६.६ वर थांबला. मोठी झेप नाही, पण वर.

त्या दिवशी आजी स्वतः आली होती. मी कार्डावर नवा टिपका दिला आणि रेष ओढली. तिला वाचता येत नाही, पण तिने बोट ठेवून रेष मागे नेली. खाली, अजून मागे, आणि एका टिपक्यावर थांबली. तो ऑक्टोबरचा. त्या महिन्यात सोयाबीन सोंगणी चालू होती, घराला कुलूप, दुसऱ्या दिवशी एंट्रीची मुदत संपत होती. मी ६.४ मध्ये अंदाजाने थोडं वाढवून ६.६ भरलं, अॅपने हिरवी खूण दिली, आणि नंतर कार्डावरही तोच टिपका मारला. नोव्हेंबरात ते दिवाळीला बबीच्या मामाकडे होते. डिसेंबर येईपर्यंत माझ्या कागदावर ती पोरगी चांगली होती.

"इथं त वर हाय न बाई," आजी म्हणाली. "मंग एकदमच कशी उतरली?"

मागे सात बायका उभ्या होत्या. मी पुढच्या लेकराला झोळीत घालायला सांगितलं.