मनगटावरचं पीच

लातूर, बुधवार, रात्री साडेदहा

ओढणी खुंटीला अडकवली आणि पुन्हा एकदा नाक लावलं. पीच अजून आहे!

सोमवारी हाच परफ्यूम पहिल्यांदा लावला, तर ऑफिसात बसून तास होत नाही तोच सगळं गायब. मे महिन्याचं ऊन, त्यात माझी कातडी कोरडी. सुगंधाला धरून ठेवायला ओशटपणा लागतो. म्हणून आज आंघोळीनंतर मनगटांना आणि कोपराच्या आतल्या बाजूला खोबरेलाचं बोट फिरवलं, मुरू दिलं, मग दोनच फवारे. मनगटं एकमेकांवर घासली नाहीत.

पहिली दहा मिनिटं नुसतं नासपती, रसाळ आणि थंडगार. गंजगोलाईपर्यंत स्कूटीवर पोचले तोवर ते उडालं. खाली राहिलं पीच, साय घातल्यासारखं मऊ. हा वास फळातून काढता येत नाही, प्रयोगशाळेत तयार करतात. त्याला म्हणतात अल्डिहाइड सी-१४, पण रसायनाच्या हिशेबात तो अल्डिहाइड नाहीच, लॅक्टोन नावाच्या वेगळ्या गटातला आहे, आणि चिवट. गर्लां या फ्रेंच कंपनीच्या मित्सुको या १९१९ च्या परफ्यूममध्ये हेच पीच आहे. शंभर वर्षांपूर्वीचं ते पीच आज माझ्या मनगटावर, याचं मला दिवसभर अप्रूप वाटत होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोगरा वर आला. इथे मात्र माझं मन भरलं नाही. खरा मोगरा संध्याकाळी गजऱ्यात उमलतो तेव्हा त्यात एक जडपणा असतो, जरा अंगाच्या घामासारखा. इंडोल नावाच्या द्रव्यामुळे तो येतो. बाटलीतला मोगरा धुऊन वाळवलेला. छान आहे, पण आपल्या मोगऱ्याने डोकं कसं धुंद होतं!

घरी आले तेव्हा पीचबरोबर व्हॅनिला आणि मस्क उरले होते, अगदी कातडीलगत. आईने पाणी देताना हात धरला.

"काय लावलीस गं? मुरंब्यावानी वास येऊलालाय."

"आवडला का?"

"गोड हाय. पण तुझ्या बाबाचा फाया दुसऱ्या दिवशीबी कानात असायचा."

बाबांना ईदला त्यांचे मित्र अत्तर द्यायचे. ते चंदनाच्या तेलात उतरवलेलं, अल्कोहोलचा थेंब नाही, त्यामुळे एकदम उसळायचं नाही आणि एकदम जायचंही नाही. सकाळचं माझं खोबरेलाचं बोट म्हणजे थोडं तेच होतं, हे आईने म्हटल्यावर कळलं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची कुपी कपाटात आहे, तळाशी तेलकट तपकिरी थर. आईने ती आज बाहेर काढली, बूच उघडलं, आणि माझ्या दुसऱ्या मनगटावर टेकवली.

आता एका हाताला पीच, एका हाताला चंदन. हात धुवायचे नाहीत.