सोर्सच्या शेजारी कंपायलरही ठेवा

"भाऊ, सोर्स तर आहे ना आपल्यापाशी, मंग अडून काऊन राहिलं?" हिंगणा एमआयडीसीतला कारखानदार असो की कापसाच्या जिनिंगचा मालक, जुन्या बोर्डाचं काम घेऊन आलेला माणूस हे विचारतोच. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही.

माझ्याकडे धर्मकाट्याचे इंडिकेटर, दालमिलचे टायमर, पॅकिंग मशीनचे कंट्रोलर येतात. उघडले की आत बहुधा ८०५१ घराण्यातली चिप असते, ८९सी५१ नाहीतर ८९सी५२. काहींत ८०८५, क्वचित झेड८०. ज्यानं यंत्र बनवलं त्यानं केव्हाच धंदा बदललेला असतो, पण त्याच्याकडून मिळालेली सोर्सची सीडी मालकानं कपाटात जपून ठेवलेली असते. त्या सीडीवर सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम, म्हणजे सोर्स, फायलींत असतो. त्या सोर्सचा चिपला कळणारा कोड करणारा प्रोग्राम, म्हणजे कंपायलर, मात्र जवळजवळ कधीच नसतो. आणि इतक्या लहान चिपच्या बाबतीत कंपायलर हाताशी नसेल तर सोर्स अर्धाच हाती आला, असं माझं ठाम मत आहे.

ते का, हे समजायला ८०५१ च्या पोटात शिरावं लागतं. इंटेलनं ही चिप १९८० साली आणली. आतली रॅम १२८ बाइट. त्यातच चार रजिस्टर बँका, त्यातच एकेका बिटाला पत्ता असलेले १६ बाइट, उरलेल्या जागेत प्रोग्रामचे व्हेरिएबल (आकडे ठेवायच्या जागा) आणि स्टॅक (तात्पुरत्या गोष्टी एकावर एक ठेवायची जागा). सी भाषा मोठी झाली पीडीपी-११ सारख्या मिनी कॉम्प्युटरवर. फंक्शन बोलावलं की त्याचे लोकल व्हेरिएबल स्टॅकवर मांडायचे आणि काम झालं की उचलायचे, ही तिथली रीत. ८०५१ मध्ये 'स्टॅकच्या टोकापासून चौथा बाइट दे' असं सांगणारी एकही सूचना नाही. म्हणजे भाषेची रीत एक आणि चिपची घडण दुसरी.

कंपायलर लिहिणाऱ्यांनी यातून जी वाट काढली ती मला आजही थोर वाटते. त्यांनी लोकल व्हेरिएबल स्टॅकवर ठेवलेच नाहीत. प्रत्येकाला रॅममध्ये ठरलेली जागा दिली. पण १२८ बाइटांत सगळ्यांना जागा पुरणार कशी? तर लिंकर, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडणारा प्रोग्राम, आधी कोणतं फंक्शन कोणाला बोलावतं याचं पूर्ण झाड काढतो. वजन वाचणारं फंक्शन आणि पावती छापणारं फंक्शन एकमेकांना कधीच बोलावत नसतील, तर दोघांचे व्हेरिएबल त्याच बाइटांवर बसवतो. एकाच मंगल कार्यालयात सकाळी एका घरचं लग्न आणि संध्याकाळी दुसऱ्या घरचं रिसेप्शन लागावं, तसं. वेळा एकमेकांवर येत नाहीत तोवर कोणाचंच काही बिघडत नाही. १९८८ साली आलेल्या कील कंपनीच्या सी५१ कंपायलरमध्ये हे फार सफाईनं केलेलं आहे.

वेळा एकमेकांवर येतात त्या इंटरप्टमुळे, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून चिपला दुसरीकडे वळवणाऱ्या हाकेमुळे. तेच फंक्शन मुख्य प्रोग्रामनंही बोलावलं आणि इंटरप्टनंही, तर लिंकर 'मल्टिपल कॉल टू सेगमेंट' असा इशारा देतो. अनेक जण तो फक्त इशारा आहे, एरर नाही, म्हणून पुढे जातात. मी नवीन मुलांना सांगतो की या चिपवर तो इशारा एररच समजा. काटा दिवसभर बरोबर चालेल आणि एखाद्या ट्रकच्या वेळी नेमका इंटरप्ट आडवा येऊन आकडा बदलून जाईल. फंक्शन पॉइंटर वापरला तर आणखी जपावं लागतं, कारण कोण कोणाला बोलावतं हे लिंकरला दिसत नाही आणि त्याचं झाडच चुकतं.

जागेचा हिशेबही असाच उघडा दिसतो. आतल्या रॅममधला एक बाइट ॲक्युम्युलेटरमध्ये (चिपच्या हिशेबाच्या रजिस्टरमध्ये) आणायला दोन बाइटांची एक सूचना आणि एक मशीन सायकल लागते. तोच व्हेरिएबल बाहेरच्या रॅममध्ये असेल तर आधी डीपीटीआर या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये पत्ता भरा, मग बाहेरचा बाइट आणणारी मूव्हएक्स सूचना चालवा. बाइट चार, सायकली चार. म्हणून या कंपायलरांत व्हेरिएबलच्या नावाआधी डेटा, आयडेटा, एक्सडेटा, कोड असले शब्द लिहावे लागतात. मूळ सी भाषेत ते नाहीत. मेमरी मॉडेल (असा शब्द न लिहिलेले व्हेरिएबल आतल्या रॅममध्ये ठेवायचे की बाहेरच्या) स्मॉल होतं की लार्ज, हे सोर्समध्ये लिहिलेलं असेलच असं नाही. ते कंपायलर चालवणाऱ्या आज्ञांच्या बॅच फाइलमध्ये असायचं, आणि बॅच फाइल सीडीवर कोणी टाकत नाही.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाइटांच्या क्रमाची आहे. ८०५१ आठ बिटांची चिप. सोळा बिटांचा आकडा ठेवताना मोठा बाइट आधी की लहान, याबद्दल तिचा स्वतःचा आग्रह नाही. एलजेएमपी (दुसऱ्या पत्त्यावर उडी) सूचनेत पत्त्याचा मोठा बाइट आधी येतो, तर एलकॉल (फंक्शन बोलावणं) करताना स्टॅकवर लहान बाइट आधी जातो. त्यामुळे कंपायलर लिहिणारा जे ठरवेल ते. कीलच्या सी५१ मध्ये मोठा बाइट आधी. संदीप दत्ता यांनी सुरू केलेल्या एसडीसीसी या खुल्या कंपायलरमध्ये लहान बाइट आधी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता असं समजा की जुना प्रोग्राम कीलवर बनलेला आहे आणि त्यानं धर्मकाट्याच्या कॅलिब्रेशनचा एक आकडा, समजा ५००, २४सी०२ ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी आकडे जपणाऱ्या चिपमध्ये) लिहून ठेवला आहे. हेक्समध्ये (सोळाच्या आधारानं लिहिलेल्या आकड्यांत) बाइट असे बसलेत: ०१, एफ४. तोच सोर्स थोडी डागडुजी करून एसडीसीसीवर बांधला, नवी चिप बसवली आणि काटा चालू केला. नवा प्रोग्राम तेच दोन बाइट उलट वाचतो. एफ४, ०१. म्हणजे ६२४६५. सोर्समधली ओळ अक्षरशः तीच आहे, ईईप्रॉममध्येही काहीच बदललेलं नाही. मग कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं. धर्मकाट्याच्या कॅलिब्रेशनला हात लावायचा म्हणजे सील तोडणं आलं, आणि सील तुटलं की वैधमापन निरीक्षकांकडून पुन्हा पडताळणी आणि मुद्रांकन आलं. कापसाच्या हंगामात गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागलेली असते, तेव्हा काटा बंद राहणं कोणालाच परवडत नाही. म्हणून अशा कामात ईईप्रॉम आधी वाचून त्याची प्रत काढायची आणि नव्या प्रोग्रामात बाइट उलटवणारं छोटं फंक्शन घालायचं, हा माझा नेम आहे. पण त्यासाठी मूळ कंपायलर कोणता होता हे कळावं तर लागतं!

डिले लूपचंही तेच. एलसीडी पुसायला दीडएक मिलिसेकंद लागतो, म्हणून जुन्या सोर्समध्ये रिकामे फॉर लूप असतात. लूपचा आकडा त्या कंपायलरच्या त्या आवृत्तीवर मोजून घातलेला असतो. दुसरा कंपायलर तोच लूप वेगळ्या सूचनांनी रचतो, आणि एखादा हुशार ऑप्टिमायझर तर निरुपयोगी म्हणून उडवूनही टाकतो.

८०८५ ची बाजू थोडी वेगळी आहे, आणि मला ती फार आवडते. आमच्या पिढीला नागपूरच्या कॉलेजांत ८०८५ च्या किटवर हेक्स कीपॅडनं ऑपकोड (चिपच्या सूचनांचे आकडे) भरायला शिकवलं आणि शेजारच्या लॅबमध्ये टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर सी शिकवली. मधला दुवा, म्हणजे सीच्या एका ओळीचे ऑपकोड कसे होतात, तो कोणी दाखवला नाही. तो दाखवतात सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातले कंपायलर. लिओर झोलमन यांचा बीडीएस सी १९७९ चा. कंपाइल होताना सोर्स मेमरीतच राहतो, म्हणून फ्लॉपीच्या जमान्यातही तो झपाट्यानं चालायचा. रॉन केन यांचा स्मॉल-सी त्याहून लहान: फक्त इंट, कॅरेक्टर, पॉइंटर आणि साधे ॲरे. त्याचा पूर्ण सोर्स १९८० च्या मे महिन्यात डॉ. डॉब्ज जर्नलमध्ये छापून आला. अख्खा कंपायलर मासिकाच्या पानांवर! इंजिनिअरिंगच्या प्रत्येक मुलानं तो एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

हे कंपायलर ८०८५ च्या आधीच्या ८०८० साठी लिहिलेले, म्हणून ८०८५ वरही चालतात. स्टॅकवरचा सोळा बिटांचा व्हेरिएबल आणायला ८०८० ला एलएक्सआय एच, डॅड एसपी, मग मूव्ह, आयएनएक्स, मूव्ह अशा पाच सूचना लागतात. सात बाइट, ८०८५ च्या हिशेबानं ४० टी-स्टेट (चिपच्या घड्याळाचे ठोके). पण ८०८५ मध्ये दहा सूचना अशा आहेत ज्या इंटेलनं मॅन्युअलमध्ये छापल्याच नाहीत. त्यातली एलडीएसआय स्टॅक पॉइंटरमध्ये आकडा मिळवून डीई रजिस्टरमध्ये ठेवते आणि एलएचएलएक्स त्या पत्त्यावरून एचएल रजिस्टर भरते. दोन सूचना, तीन बाइट, २० टी-स्टेट. सी कंपायलरला नेमकं जे हवं होतं ते चिपमध्ये होतं, आणि कॉलेजच्या किटवर आम्हाला ते कधी कळलं नाही. स्मॉल-सीच्या वंशातून आलेला झेड८८डीके या खुल्या प्रकल्पाचा कंपायलर आज ८०८५ साठी या सूचना वापरतो. जुन्या किटवर त्याचा कोड चालताना पाहिला तेव्हा मला झालेला आनंद अजून ताजा आहे.

आता कामाची पद्धत. नवीन काम हाती आलं की मी एक फोल्डर करतो. त्यात सोर्स, कंपायलर, लिंकर, लायब्ररी, हेडर, स्टार्टअप फाइल, बॅच फाइल आणि मॅप फाइल सगळं एकत्र. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर डॉसचे जुने प्रोग्राम चालत नाहीत, म्हणून डॉसबॉक्सही त्यातच. मग एकही अक्षर न बदलता सोर्स बांधतो आणि तयार झालेली हेक्स फाइल (चिपमध्ये भरायचा कोड) चिपमधल्या हेक्सशी बाइट बाय बाइट ताडून पाहतो. जुळली तरच पुढचं काम. चिपचे लॉक बिट लावलेले असतील तर चिप वाचता येत नाही; तेव्हा सीडीवरची हेक्स हाच एक आधार. हेक्स जुळत नसेल तर आधी मेमरी मॉडेल बदलून पाहतो, मग ऑप्टिमायझेशनची पातळी, मग कंपायलरची आवृत्ती. यात वेळ जातो. गिऱ्हाइकाला तो वाया गेल्यासारखा वाटतो, पण मी याशिवाय काम घेत नाही.

बुटीबोरी, हिंगणा, वर्धा, अमरावती, कुठंही अशी यंत्रं चालवणाऱ्यांना आणि जुन्या इंजिनिअरांना माझी विनंती आहे: कपाटातल्या फ्लॉप्या रद्दीत देऊ नका. लेबलवर फक्त 'सी५१' किंवा 'एचटीसी' (हाय-टेक सी हा कंपायलर) लिहिलं असेल तरी ती कामाची आहे. सव्वापाच इंची आणि साडेतीन इंची, दोन्ही ड्राइव्ह माझ्याकडे चालू आहेत. फ्लॉपीवर पावसाळ्यातली पांढुरकी बुरशी दिसली तर घरच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहायचा मोह आवरा. हेड त्या बुरशीबरोबर चुंबकीय थरही खरवडून काढतो, आणि मग त्या ट्रॅकवरचं काही परत मिळत नाही.