गोष्ट काकांची असली तरी कागद करा

बेळगाव-खानापुराकडं घरातल्यांनीच मराठी चित्रपट काढायचा ठरला की गोष्ट काकांची, पैसे थोरल्या भावाचे, कॅमेऱ्यावर पुतण्या आणि युनिटचं जेवण वहिनींकडं. खर्च वाचतो, पण घोडं पेंड खातं ते कागदावर. घरच्याच माणसाची सही कशी मागायची?

मागायचीच. कॉपीराइट कायद्यात तोंडी हस्तांतरण चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घरच्या कंपनीला सगळ्यात जड जाते ती तिसरी अट: घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नाही, तर तो हक्क सुटतो. पैशाअभावी शूटिंग दोन वर्षं रखडलं की गोष्ट परत काकांची. तोवर काका नसले तर सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करत फिरा. म्हणून कलाकृती कोणती, हक्क कोणते, मोबदला किती, मुदत, प्रदेश आणि ‘वर्षभरात वापर झाला नाही तरी हस्तांतरण कायम’ हे सगळं स्पष्ट लिहावं. गीतं आणि चालींचे करार वेगळे. थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर करार करूनही सोडवून घेता येत नाही.

दुसरी अडचण बैलांची. बैल घरचे, शेत घरचं, मग परवानगी कसली, असं वाटतं. पण प्राणी दाखवायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते आणि नंतर ना-हरकत. ती नसेल तर सेन्सॉरला गाडी अडते आणि प्रसंग कापायची पाळी येते. पटकथा पक्की झाली की अर्जाला लागावं.

निपाणीकडची गोष्ट असेल तर विडी येणारच. मग सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर प्रत्येकी ३० सेकंदांची आरोग्य-फीत आणि २० सेकंदांचा इशारा, म्हणजे एकूण १०० सेकंद. शिवाय विडी दिसेल तितका वेळ खाली ओळ. मराठी चित्रपटाला हे मराठीतच. विडी नुसती सवयीनं ओढलेली असेल तर पटकथेतच काढलेली बरी.

शेतातले प्रसंग सलग उरकावेत. भात ऑगस्टात हिरवं, ऑक्टोबरअखेर पिवळं, नोव्हेंबरात कापलेलं. एकाच संभाषणाचे दोन तुकडे दोन महिन्यांच्या अंतरानं घेतले तर कोणताही कलरिस्ट, म्हणजे चित्राचे रंग जुळवणारा, ते जुळवू शकत नाही. शूटिंग बेळगावकडं पण गोष्ट कोल्हापुरात घडत असेल तर मागच्या कन्नड पाट्या आणि एसटीवरचा बोर्ड आधी बघून घ्या.

घरातल्या आणि दुकानातल्या दिव्यांखाली चित्रावर पट्टे सरकतात, कारण वीज ५० हर्ट्झची आणि सेकंदाला २४ फ्रेम घेताना १८० अंशांचा शटर (प्रत्येक फ्रेमवर उजेड पडायचा वेळ) १/४८ सेकंदाचा. शटर १७२.८ अंशांवर, म्हणजे १/५० वर आणला की बहुतेक पट्टे जातात. स्वस्त एलईडी तरीही दगा देतो, म्हणून आदल्या दिवशी दहा सेकंद घेऊन मोठ्या पडद्यावर पाहावं.

रोजचं फुटेज दोन डिस्कवर उतरवावं. त्या दोन्ही एकाच कपाटात ठेवू नयेत. कॅमेऱ्यातलं कार्ड पुसायचं ते दोन्ही प्रती उघडून पाहिल्यावर, आणि ते काम एकाच ठरलेल्या माणसानं करायचं.